कोल्हापुरात सरकारी लिनॅक मागताना नेमकं काय मागायचं

गडहिंग्लज भागात रुग्णमदतीचं काम करणाऱ्या एका तरुण मित्राने तीन गोष्टी विचारल्या आहेत. सरकार कॅन्सरच्या यंत्रांवर कोट्यवधी रुपये खर्च करतं, त्याने रेडिएशनचे उपचार खरोखर आधुनिक होतात का? कोल्हापुरात सरकारी रेडिएशन केंद्र होणार असेल तर जिल्ह्यातल्या लोकांनी बैठकीत काय मागावं? आणि तिसरी गोष्ट त्यांच्या गावातली. एका मावशींना गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे. त्यांना सांगण्यात आलंय की कोबाल्टवर, म्हणजे किरणोत्सारी कोबाल्टच्या स्रोतातून किरण देणाऱ्या जुन्या पद्धतीच्या यंत्रावर, लगेच सुरू करता येईल; लिनॅकच, म्हणजे विजेवर किरण तयार करणारं नवं यंत्रच, हवा असेल तर दोन महिने थांबावं लागेल. त्यांनी काय करावं?

मी कोल्हापूरची. सव्वीस वर्षं वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ म्हणून काम करते आहे, त्यातली पहिली नऊ कोबाल्ट यंत्रावर आणि नंतरची लिनॅकवर. काही सरकारी रुग्णालयात, काही धर्मादाय न्यासाच्या. किती शेक, म्हणजे किरणांचा डोस, द्यायचा ते डॉक्टर ठरवतात. तो तेवढाच आणि ठरलेल्या जागीच पडतो की नाही, हे बघण्याचं काम माझं.

पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर 'हो' असं आहे, कारण हे क्षेत्र मुळात सार्वजनिक पैशावरच उभं राहिलंय. 1951 साली कॅनडात ज्या कोबाल्ट यंत्रांवर पहिले रुग्ण झोपले, त्यातला कोबाल्ट-60 चॉक रिव्हरच्या सरकारी अणुभट्टीत तयार झाला होता. 1953 मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात वैद्यकीय लिनॅकवर उपचार सुरू झाले. त्यातलं सूक्ष्मलहरींचं तंत्र महायुद्धाच्या काळात रडारसाठी सरकारांनी पैसा ओतून वाढवलेलं. आपल्याकडे टाटा स्मारक रुग्णालय 1941 साली टाटांच्या न्यासाने उभारलं, 1957 मध्ये ते केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे गेलं आणि 1962 पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे. कॅन्सरचं रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे कसं, असं लोक मला अजून विचारतात. त्याच निर्णयामुळे डॉक्टर आणि अणुशास्त्रज्ञ एका खात्याची माणसं झाली. 1962 मध्येच आज भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत आमच्या पेशाचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला. पुढे त्याच केंद्रातून 'भाभाट्रॉन' हे देशी कोबाल्ट यंत्र आलं. ते टाटा स्मारकच्या खारघर केंद्रात वापरून पारखलं गेलं, मग देशभर गेलं आणि व्हिएतनामलाही भारताने भेट म्हणून दिलं. टीआयएफआर या मुंबईतल्या मूलभूत संशोधन संस्थेतल्या सूक्ष्मलहरींच्या कामातून 'समीर' ही संस्था उभी राहिली. तिने देशी लिनॅक बनवला आणि त्यातला एक सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत बसला. यातलं काहीही बाजाराच्या भरवशावर झालं नसतं.

तुमच्या प्रश्नातली खरी शंका वेगळी आहे, असं मला वाटतं. पैसा येतो, फीत कापली जाते, पेपरात फोटो येतो, आणि वर्षभराने तिथे जावं तर मावशींना 'मशीन बंद आहे, पुढच्या आठवड्यात या' असं ऐकावं लागतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून यंत्रापेक्षा यंत्राच्या आयुष्याबद्दल जास्त लिहिते.

कोबाल्टपासून सुरुवात करू. कोबाल्ट-60 चं अर्धायुष्य 5.27 वर्षं. म्हणजे महिन्याला साधारण एक टक्का त्याची ताकद आपोआप कमी होते. नवा स्रोत असताना ज्या शेकाला एक मिनिट लागतं, त्याला सव्वापाच वर्षांनी दोन मिनिटं लागतात आणि आठव्या वर्षी जवळपास तीन. डोस तेवढाच पडतो, पण वेळ वाढत जातो. मी नोकरीला लागले तेव्हा एका रुग्णालयात, नाव नको, स्रोत बदलायची फाईल चार वर्षं फिरत होती. निपाणीकडच्या एक विडी कामगार बाई तोंडाच्या कॅन्सरसाठी येत. चेहऱ्यावर घट्ट जाळीचा मुखवटा, तोंडात फोड आलेले, उताणं झोपून थुंकी गिळता येत नाही. सहा वर्षांपूर्वी त्या आपल्या जावेला त्याच यंत्रावर घेऊन येत असत. एकदा मुखवटा काढल्यावर उठून बसत मला म्हणाल्या, "जावंला घिऊन आलतो तवा पटाटा आटपायचं. आता लई येळ लागायलाय की ओ, बाई." मी त्यांना काय सांगणार होते? त्यांनी बाहेरच्या बाकावर बसून माझ्या तक्त्याइतकाच अचूक हिशेब केला होता. त्या वर्षी आम्ही दिवसाला जेवढे रुग्ण घ्यायचो, तेवढे पूर्वी दुपारपर्यंतच आटपायचे. रांग लांबली की शेवटच्या रुग्णाची गडहिंग्लजची एसटी चुकते, दोनदा चुकली की तो यायचा बंद होतो.

ही तांत्रिक अडचण नव्हतीच. स्रोत खर्चत जाणार हे यंत्र घेतानाच माहीत असतं, तारखेनिशी. तरी तो खर्च अंदाजपत्रकात 'अचानक' आल्यासारखा येतो, कारण यंत्र भांडवली लेखाशीर्षातून घेतलं जातं आणि स्रोत, दुरुस्ती, पगार हे महसुली लेखाशीर्षातून यायचे असतात. भांडवली पैशाला उद्घाटन असतं. महसुली पैशाला दरवर्षी नव्याने मागावं लागतं, आणि कुठे कात्री लावायची झाली तर पहिली तिथे लागते.

लिनॅकला स्रोत नसतो, वीज बंद केली की किरण बंद. पण त्याची देखभाल कोबाल्टच्या कैक पटीने नाजूक आहे. सकाळी पावणेसातला मी पोचते. रात्रभर चालू असलेल्या चिलरच्या पाण्याचं तापमान आणि दाब बघायचा, यंत्र तापवायचं, भिंतींवरचे लेझर केंद्रबिंदूवर नीट मिळतात का बघायचं, दार उघडताच किरण थांबतो की नाही ते प्रत्यक्ष दार उघडून तपासायचं. मग टेबलावर पाण्यासारख्या घनतेच्या प्लास्टिकच्या लाद्या रचायच्या, त्यात आयनकोश, म्हणजे डोस मोजणारं उपकरण, सरकवायचा आणि किरणांची शंभर एककं देऊन आकडा वाचायचा. तो तीन टक्क्यांच्या आत असला तरच पहिला रुग्ण आत येतो. पावसाळ्यात खोलीतली आर्द्रता वाढली तर आधी ती खाली आणायची. हे रोज. महिन्याला, वर्षाला याहून मोठ्या तपासण्या असतात.

आपल्याकडे साखर कारखाना सगळ्यांना माहीत आहे. गळीत हंगाम संपला की कारखान्याला काही महिने मिळतात; रोलर उतरवतात, बॉयलर साफ होतो, मग दसऱ्याच्या सुमारास बॉयलर पेटवायचा. लिनॅकला तसा मोकळा काळ नसतो. तो बारमाही गळीत करतो. ज्या दिवशी दुरुस्तीला थांबतो त्या दिवशी चाळीस माणसांचा शेक चुकतो.

चुकला तर काय होतं, हे नीट समजून घ्या, कारण बैठकीत याच मुद्द्यावर बोलता येईल. शेक एकदम देत नाहीत. रोज थोडा, आठवड्यातून पाच दिवस, पाच ते सात आठवडे. मधे खंड पडला की उरलेल्या कॅन्सरपेशी पुन्हा वाढू लागतात. तोंड-घशाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये उपचार लांबला तर प्रत्येक जादा दिवसामागे तिथला कॅन्सर आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक टक्क्याने घटते. म्हणजे यंत्र आठ दिवस बंद राहिलं तर तेवढ्यानेच कुणाच्या तरी बरं होण्यातून आठ टक्के वजा होतात. ऑगस्ट 2019 मध्ये आणि पुन्हा जुलै 2021 मध्ये शिरोलीपाशी महामार्ग पाण्याखाली गेला तेव्हा शिरोळकडचे रुग्ण येऊच शकले नाहीत. पाणी ओसरल्यावर आम्ही एकेकाचा हिशेब मांडून दिवसातून दोन शेक देऊन, शनिवार-रविवार चालवून खंड भरून काढला. पुराला कुणी काही करू शकत नाही. पण सुट्या भागाची खरेदी मंजूर होत नाही म्हणून पडलेला खंड पुराइतकाच घातक असतो, आणि तो टाळता येण्यासारखा असतो.

आता पैशाचं गणित. उदाहरणादाखल धरा, लिनॅक 15 कोटींचा आहे. हमीचा काळ संपल्यावर सर्वंकष देखभाल कराराला दरवर्षी किमतीच्या साधारण 5 ते 10 टक्के जातात. मधले आठ टक्के धरले तर वर्षाला 1 कोटी 20 लाख, आणि यंत्राच्या उरलेल्या सात-आठ वर्षांत नऊ कोटींच्या आसपास. मॅग्नेट्रॉन किंवा क्लायस्ट्रॉन हे त्याचे जीव ओतणारे भाग ठरावीक काळाने बदलावेच लागतात. किरणाला आकार देणाऱ्या पट्ट्या हलवणाऱ्या बारीक मोटारी झिजतात. सर्वंकष करार नसेल तर यातला एकेक भाग म्हणजे एकेक निविदा. म्हणून म्हणते, 15 कोटींचं यंत्र मागू नका. दहा वर्षं चालणारं 25 कोटींचं केंद्र मागा आणि तो पैसा पहिल्याच प्रशासकीय मान्यतेत लिहून घ्या.

यंत्र कधी येतं यालाही महत्त्व आहे. 31 मार्चच्या आत निधी खर्च करायचा म्हणून यंत्राची ऑर्डर जाते आणि बंकर तयार नसतो, असं मी पाहिलंय. बंकर म्हणजे यंत्राची खोली. तिची मुख्य भिंत दोन मीटरहून जाड काँक्रीटची, घनता ठरलेली, ओतताना मधे सांधा पडता कामा नये. आराखड्याला अणुऊर्जा नियामक परिषदेची मंजुरी लागते, मग यंत्र आणायला परवानगी, मग बसवल्यावर तपासण्या, मग रुग्णांवर वापरायचा परवाना. या वाटेवर उड्या मारता येत नाहीत आणि मारूही नयेत. एका सरकारी रुग्णालयात लाकडी खोकी अकरा महिने व्हरांड्यात ताडपत्रीखाली होती आणि हमीचा काळ माल पोचल्याच्या तारखेपासून मोजला जात होता. पहिला रुग्ण झोपायच्या आधीच हमीचं पहिलं वर्ष संपत आलं होतं. निविदेत 'हमी पहिल्या रुग्णाच्या उपचारापासून' एवढी एक ओळ असती तर जनतेचं वर्षभराचं नुकसान वाचलं असतं. मला त्या खोक्यांकडे बघून रडू यायचं, हे मी लपवत नाही.

माणसांचंही असंच. कायद्याने रेडिएशन सुरक्षा अधिकारी आणि भौतिकतज्ज्ञ असल्याशिवाय यंत्र चालवता येत नाही. अकरा महिन्यांच्या करारावर घेतलेला भौतिकतज्ज्ञ खासगीत दुप्पट पगार मिळाला की जाणारच, त्याला दोष देता येत नाही. तो गेला की 15 कोटींचं यंत्र कुलपात. दोन पाळ्या चालवायच्या तर निदान चार तंत्रज्ञ हवेत. आपल्या कोल्हापुरात डी. वाय. पाटील संस्थेत वैद्यकीय भौतिकशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. इथे शिकलेली मुलं नोकरीला बंगळूर-हैदराबादला जातात, कारण इथे मंजूर पदं नाहीत. पदं आधी मंजूर करा, यंत्र मागून येऊ द्या. नेमणूक झालेल्यांना सहा महिने मोठ्या केंद्रात काम करायला पाठवा, म्हणजे यंत्र आलं त्या दिवशी हात तयार असतील.

यंत्र नवं झालं म्हणजे उपचार नवा झाला, असंही नाही. सार्वजनिक पैशाचं मला सर्वात मोलाचं वाटणारं काम संशोधनात झालंय. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर शस्त्रक्रिया झालेल्या आणि पुढे शेक लागणाऱ्या 300 स्त्रियांवर टाटा स्मारकने एक तुलना केली. निम्म्यांना नेहमीच्या पद्धतीचा शेक, निम्म्यांना रोज चित्र घेऊन, आतड्यांना वाचवत आकार दिलेला शेक, म्हणजे आयएमआरटी. 2021 मध्ये निष्कर्ष आला. तीन वर्षांत आतड्याचा मध्यम किंवा गंभीर त्रास नेहमीच्या पद्धतीत 42 टक्के बायकांना झाला, नव्या पद्धतीत 21 टक्के. बरं होण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच राहिलं. शेतात उन्हातान्हात राबणाऱ्या, जवळ संडासाची सोय नसलेल्या बाईला वारंवार जुलाब होणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. हा पुरावा आपल्या देशात, आपल्या बायकांवर, आपल्या सरकारी रुग्णालयातून मिळाला. त्यामुळे 'आयएमआरटी ही श्रीमंतांची चैन' असं आता कुणी बैठकीत म्हणालं तर हे आकडे समोर ठेवा.

दुसरं उदाहरण ब्रिटनचं. स्तनाच्या कॅन्सरला पूर्वी 25 शेक देत, मग 15 वर आले. 97 रुग्णालयांत 4,096 रुग्णांवर सरकारी निधीतून झालेल्या अभ्यासाने 2020 मध्ये दाखवलं की एका आठवड्यात पाच शेक देऊनही परिणाम तितकाच चांगला राहतो. आता हिशेब करा. एक लिनॅक दिवसाला 40 रुग्ण आणि वर्षाला 250 दिवस चालला तर दहा हजार शेक देतो. प्रत्येकी 25 शेकांनी त्यात 400 बायका बसतात, पाच शेकांनी 2,000. अर्थात सगळे रुग्ण स्तनाचे नसतात आणि पाच शेकांची पद्धत प्रत्येकीला लागू पडत नाही. त्यासाठी नियोजन काटेकोर लागतं, कारण एकेका शेकाचा डोस मोठा असतो. तरी चंदगडहून शंभरावर किलोमीटर येणाऱ्या बाईच्या पंचवीस मजुऱ्या बुडण्याऐवजी पाच बुडाल्या, तर तो बदल यंत्राच्या कुठल्याही नव्या मॉडेलपेक्षा मोठा आहे.

इथेच विमा योजनेचा संबंध येतो, आणि त्याकडे फार कमी लोकांचं लक्ष असतं. राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर 2013 मध्ये आपल्या जिल्ह्यासकट सगळ्या राज्यात आली. आज तीच महात्मा फुले जन आरोग्य योजना. त्याआधी बहुतेकांना 'टाटाला जा' हाच सल्ला मिळायचा. महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब, नाहीतर परळचा फुटपाथ. योजनेतून पैसे मिळू लागल्यावर इथल्या धर्मादाय आणि खासगी रुग्णालयांना लिनॅक परवडू लागले. म्हणजे सरकारने स्वतः यंत्र न घेताही यंत्रं आणली. पण सरकार ज्या तंत्राला दर देतं तेच तंत्र रुजतं. कोबाल्टच्या साध्या शेकाचा आणि आयएमआरटीचा दर वेगळा. तो दर खर्चाच्या खाली गेला की रुग्णालय साध्या पद्धतीकडे वळतं किंवा योजनेच्या रुग्णाला तारीख लांबची देतं. शेकांच्या संख्येवर पैसे मिळत असतील तर कमी शेक देणाऱ्याचा तोटा होतो. पैसे पूर्ण उपचारावर मिळाले तर पाच शेकांची पद्धत सुरू करायला कुणाची हरकत राहत नाही. माझ्या मते दरपत्रक ठरवणारी समिती रेडिओथेरपीच्या आधुनिकीकरणावर यंत्र घेणाऱ्या समितीइतकाच परिणाम करते. तिच्यासमोर दरवर्षी डॉक्टर आणि भौतिकतज्ज्ञ दोघांनी बसायला हवं.

ब्रिटनमधून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. 2016 मध्ये इंग्लंडच्या आरोग्यसेवेने 13 कोटी पौंड फक्त जुने लिनॅक बदलण्यासाठी आणि सुधारण्यासाठी बाजूला काढले. नव्या जागी नवं केंद्र काढायला सगळे पुढे येतात. दहा वर्षं झालेलं यंत्र वेळेवर बदलायला कुणी फीत कापायला येत नाही, म्हणून त्याला वेगळा निधीच लागतो. आपल्याकडे यंत्र मरेपर्यंत वापरायची सवय आहे. आणि मेलेल्या यंत्राचीही जबाबदारी असते. 2010 साली दिल्ली विद्यापीठातलं वापरात नसलेलं कोबाल्टचं संशोधन उपकरण लिलावात भंगारात गेलं, मायापुरीच्या बाजारात ते तोडलं गेलं आणि एका कामगाराचा जीव गेला. कोबाल्टचा जुना स्रोत परत पाठवायचा खर्च पहिल्या दिवशीच राखून ठेवायला हवा.

प्रोटॉन उपचाराबद्दलही, म्हणजे प्रोटॉन कणांनी दिल्या जाणाऱ्या महागड्या शेकाबद्दलही, लोक विचारतात. खारघरला टाटा स्मारकचं सरकारी प्रोटॉन केंद्र 2023 मध्ये सुरू झालंय. लहान मुलांसाठी, मेंदू-मणक्याच्या काही कॅन्सरसाठी ते उत्तम, आणि ज्याला गरज आहे त्याला तिथेच पाठवावं. कोल्हापूरने ते मागू नये.

आता दुसरा प्रश्न, इथे काय मागावं. केंद्र सरकारच्या योजनेत राज्य कॅन्सर संस्थेला 120 कोटी आणि त्याखालच्या केंद्राला 45 कोटींपर्यंत अनुदान ठरलं होतं. महाराष्ट्रातून छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि लातूर त्यात आले, दक्षिण महाराष्ट्र राहून गेला. 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 18 रुग्णालयांतून कॅन्सरसेवा देण्याचं धोरण मंजूर केलंय आणि त्यात कोल्हापूर आहे. शेंडा पार्कातल्या वैद्यकीय संकुलातही कर्करुग्णालयाचं नियोजन आहे. म्हणजे बोलायची वेळ हीच आहे. बंकरचं काँक्रीट ओतल्यावर बोलून उपयोग नसतो.

मी तुमच्या जागी असते तर बंकर दोन मागितले असते, सुरुवातीला यंत्र एकच आलं तरी. दुसरा रिकामा बंकर आज थोडक्यात होतो, आणि दहा वर्षांनी पहिलं यंत्र बदलायचं झालं की तिकडे नवं बसवून रुग्णांची एक तारीखही न चुकवता काम सुरू ठेवता येतं. चालू यंत्राशेजारी नंतर बांधकाम काढणं फार अवघड जातं.

नियोजनासाठी स्वतंत्र सीटी सिम्युलेटर, म्हणजे शेकाची जागा आखण्यासाठीचं सीटी स्कॅन यंत्र, मागा. अपघात विभागाच्या सीटीवर 'वेळ मिळाला की' काम भागवायचं म्हणजे लिनॅक अर्धा दिवस रिकामा.

आणि ब्रॅकीथेरपी. याबद्दल मी कितीही लिहिलं तरी मला कमीच वाटेल. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये बाहेरून शेक दिल्यावर आतून, गाठीच्या अगदी जवळ स्रोत नेऊन डोस द्यावाच लागतो. लिनॅक कितीही आधुनिक असला तरी तो याची जागा घेऊ शकत नाही. यंत्र लिनॅकच्या मानाने स्वस्त, दिसायला कपाटाएवढं, म्हणून यादीत ते नेहमी शेवटी असतं आणि पैसे कमी पडले की तेच गळतं. वर त्यातल्या इरिडियम स्रोताचं अर्धायुष्य 74 दिवसांचं, त्यामुळे स्रोत दर तीन-चार महिन्यांनी बदलावा लागतो आणि दर वेळी मंजुरी. आमच्या भागातून येणाऱ्या बायकांमध्ये हा कॅन्सर किती आहे हे माझ्या ओपीडीच्या रांगेत दिसतं. ज्या केंद्रात त्याचा उपचार पुरा होत नाही, ते केंद्र माझ्या दृष्टीने अपुरं आहे. स्रोतांचा पुरवठा तीन वर्षांच्या एकाच करारात बांधून घ्या, किंवा पाच-पाच वर्षं चालणाऱ्या कोबाल्ट स्रोताच्या ब्रॅकीथेरपी यंत्राचा विचार करा.

देखभाल करारात यंत्र वर्षातले निदान 95 टक्के कामाचे दिवस चालू राहण्याची अट आणि न राहिल्यास दंड घाला. सुटे भाग किती तासांत पोचणार, अभियंता कुठल्या गावात बसणार, हेही लिहून घ्या. मुंबईहून अभियंता निघाला की घाट, पाऊस आणि रस्त्याचं काम धरून दिवस गेलाच.

एक मागणी यंत्राशी संबंधित नाही, पण मी ती यादीत वर ठेवेन. राहायची सोय. चंदगड, आजरा, गगनबावडा, शिवाय घाटाखालचा सिंधुदुर्ग, तिकडून साडेसहा आठवडे रोज ये-जा होत नाही. रुग्ण आणि सोबतचा एक माणूस यांना स्वस्तात राहता-जेवता येईल अशी जागा केंद्राच्या आवारात असली तर अर्धवट उपचार सोडून जाणारे कमी होतील. लिनॅकच्या किमतीच्या छोट्याशा हिश्शात ती होते. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी हाती घेतलं आणि पुरं व्हायला स्वातंत्र्य उजाडलं; तरी शेतापर्यंत पाणी न्यायचं काम त्याहून वेगळं करावं लागलंच. केंद्र कोल्हापुरात झालं तरी ते चंदगडच्या बाईपर्यंत पोचवायचं काम असंच वेगळं आहे, आणि त्याला वेगळी तरतूद लागते.

केंद्र सुरू झाल्यावर तुमच्या गटाने दर तीन महिन्यांनी तीनच आकडे मागावेत. किती कामाचे दिवस यंत्र बंद होतं. निदान झाल्यापासून पहिल्या शेकापर्यंत किती दिवस लागले. आणि सुरू केलेल्यांपैकी किती जणांनी उपचार पुरा केला. हे आकडे आमच्याकडे रोज नोंदलेले असतात, द्यायला कुठलीही अडचण नाही. ते दवाखान्याच्या दारात फळ्यावर लागावेत, अशी माझी जुनी इच्छा आहे.

आता मावशी. त्यांचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे अंतिम शब्द त्यांच्या डॉक्टरांचा. पण लिनॅकसाठी दोन महिने थांबणं मला धोक्याचं वाटतं. त्यांच्या आजारात बाहेरचा शेक, बरोबरीने आठवड्याला एक केमो आणि मग ब्रॅकीथेरपी, हे सगळं आठ आठवड्यांत संपवायचं असतं. त्या थांबल्या तर तेवढा काळ उपचार सुरूही झालेला नसेल आणि गाठ वाढत राहील. दुसऱ्या एखाद्या योजनेतल्या रुग्णालयात पंधरा दिवसांच्या आत लिनॅक मिळत असेल तर तिथे जाऊ द्या. कोल्हापूर, सांगली, मिरज, बेळगाव, चारही ठिकाणी उद्याच फोन करून विचारा. नसेल मिळत, तर कोबाल्टवर सुरू करा. चारी बाजूंनी नीट नियोजन करून दिलेल्या कोबाल्टच्या शेकाने या आजारातून बऱ्या झालेल्या बायका मी बघितल्या आहेत. त्यातल्या दोघी दर दिवाळीला मला भेटायला येतात. पोटाचा त्रास थोडा जास्त होईल, त्याची औषधं आणि आहार आधीच विचारून ठेवा. जाताना रक्ताचा रिपोर्ट न्या, हिमोग्लोबिन कमी असेल तर ते आधी वाढवावं लागेल. आणि ब्रॅकीथेरपी कुठे होणार, कोणत्या आठवड्यात, हे पहिल्याच दिवशी केसपेपरवर लिहून घ्या.